बाळाच्या पायांतील बाक

घरातले मूल पहिल्यांदा भिंतीचा आधार सोडून दोन पावले टाकते, तेव्हा सारे घर त्याच्याभोवती गोळा होते. आनंदाचा पहिला भर ओसरला, की कोणाची तरी नजर त्याच्या पायांवर स्थिरावते. घोटे जुळवून मुलाला उभे केले, तर दोन्ही गुडघ्यांमध्ये चांगले अंतर राहते. चालताना ते दोन्ही बाजूंना झुलते, पावले आत वळतात. "पाय फेंगडे दिसतात गं," असे एखादे वडीलधारे माणूस सहज बोलून जाते आणि आईच्या मनात काटा रुततो. मग कारणांचा शोध सुरू होतो. न्हाऊ घालणाऱ्या बाईने पाय नीट चोळले नाहीत, लंगोट फार जाड बांधला, मुलाला फार लवकर उभे केले, सदा कडेवर घेऊन हिंडवले, असे एकेक दोष निघतात, आणि बहुतेक सारे फिरून आईच्याच पदरात पडतात.

ही काळजी घरगुती असली, तरी तिला जवळजवळ दोन हजार वर्षांचा लेखी इतिहास आहे. त्या इतिहासात एक गोष्ट विलक्षण आहे. मुलाचे पाय वाकवणारा रोग कोणता, या प्रश्नाचा पाठपुरावा वैद्यकाने सतराव्या शतकापासून नेटाने केला. परंतु निरोगी मुलाचा पाय मुळात कसा वाढतो, हा त्याहून साधा प्रश्न मोजमापाने सोडवण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. रोगाचे ज्ञान आधी आले, आरोग्याचे मागाहून. या उलट्या क्रमाची किंमत मुलांनी भोगली. काहींचे पाय विनाकारण पट्ट्यांत जखडले गेले, तर काहींच्या खऱ्या व्याधीकडे 'मोठेपणी सुधारेल' म्हणून डोळेझाक झाली.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये सोरेनस नावाचा ग्रीक वैद्य व्यवसाय करीत होता. तो मूळचा इफिसस नगरीचा. प्रसूती आणि बालसंगोपन या विषयांवरील त्याचा ग्रंथ पुढे कित्येक शतके प्रमाण मानला गेला. रोममधील पुष्कळ मुलांचे पाय वाकडे होतात, ही गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नाही. लोक त्याची नाना कारणे सांगत. शहराखालून थंड पाण्याचे प्रवाह वाहतात म्हणून असे होते, असेही काहींचे म्हणणे होते. सोरेनसने ही कारणे मानली नाहीत. ग्रीक स्त्रिया मुलांना जितक्या जपतात तितक्या रोमन स्त्रिया जपत नाहीत, मूल देखरेखीवाचून अवेळी उभे राहते, शरीराचा सारा भार कोवळ्या पायांवर येतो आणि खालची जमीन दगडी फरसबंदीची असते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याचे निरीक्षण सूक्ष्म होते यात शंका नाही. तथापि दोष आईवर ठेवण्याची रीतही तितकीच जुनी आहे, हे त्यावरून दिसते. नवजात बालकाचा प्रत्येक अवयव मऊ लोकरी पट्ट्यांनी गुंडाळून त्याला घाट द्यावा, हा त्याचा उपदेशही युरोपात दीर्घकाळ टिकला. मूल म्हणजे ओली माती, ती सुकण्यापूर्वी तिला आकार दिला पाहिजे, ही त्यामागची कल्पना.

भारतीय परंपरेत कौमारभृत्याचा, म्हणजे बालवैद्यकाचा, प्रमुख ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. हा ग्रंथ शतकानुशतके लुप्त मानला जात होता. नेपाळात मिळालेल्या त्याच्या खंडित ताडपत्रांवरून पंडित हेमराज शर्मा यांच्या प्रस्तावनेसह इ. स. १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून तो प्रसिद्ध झाला. त्यात 'फक्क' नावाच्या विकाराचे वर्णन आहे. वर्षाचे होऊनही जे मूल पायांनी चालत नाही ते फक्क. याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला दूषित दुधामुळे होणारा, दुसरा आई पुन्हा गर्भवती राहून दूध आटल्यामुळे होणारा आणि तिसरा दीर्घ आजाराने होणारा. मांड्या आणि नितंब वाळलेले, पोट सुटलेले, मस्तक मोठे, असे या मुलाचे रूप त्यात रेखाटले आहे. उपचारांत औषधी तूप, दूध आणि अभ्यंग तर आहेतच, पण चालण्याच्या सरावासाठी तीन चाकांचा छोटा रथ करून द्यावा असेही सांगितले आहे. मुलांच्या पांगुळगाड्याचा हा फार जुना पूर्वज म्हणावा लागेल. हे वर्णन आजच्या एकाच रोगाशी तंतोतंत जुळवणे योग्य नव्हे. कुपोषणापासून मुडदुसापर्यंत अनेक अवस्था त्यात सामावल्या असाव्यात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की येथे वैद्याने काळाचे एक माप घालून दिले होते. अमुक वयात मुलाने अमुक करावे, अशी अपेक्षा त्याने मांडली. ते माप आजच्या ज्ञानाप्रमाणे जरा कडकच होते, कारण कित्येक निकोप मुले सव्वा किंवा दीड वर्षाची होईपर्यंत चालत नाहीत. तरीही वाढ मापावी ही दृष्टी त्यात होती.

मुडदूस या रोगाचा आधुनिक इतिहास इंग्लंडात सुरू होतो. लंडनच्या मृत्यूनोंदींत या रोगाचे इंग्रजी नाव इ. स. १६३४ मध्ये पहिल्यांदा आले आणि त्या वर्षी त्याखाली १४ मृत्यू नोंदले गेले, असे जॉन ग्रॉन्टने पुढे त्या नोंदींचा अभ्यास करून दाखवले. इ. स. १६४५ मध्ये डॅनियल व्हिस्लर या तरुण इंग्रज विद्यार्थ्याने हॉलंडमधील लायडन विद्यापीठात या रोगावर प्रबंध सादर केला. पाच वर्षांनी, इ. स. १६५० मध्ये, फ्रान्सिस ग्लिसनचा सविस्तर लॅटिन ग्रंथ निघाला. मनगटे आणि घोटे जाड होणे, बरगड्यांच्या टोकांशी गाठी येणे, डोके मोठे दिसणे, पाय वाकणे ही सारी लक्षणे त्याने बारकाईने नोंदली.

पाय का वाकतो, यावरील ग्लिसनचा विचार आजही ध्यानात घेण्याजोगा आहे. हाड केवळ मऊ पडते म्हणून वाकते, असे त्याने मानले नाही. त्याच्या मते हाडाची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक पोसली जाते. हे पटवण्यासाठी त्याने दगडी खांबाची उपमा घेतली. एकावर एक दगड रचलेल्या सरळ खांबात एकाच बाजूने पाचरी ठोकल्या, तर खांब दुसऱ्या बाजूला झुकतो. हाडाचेही तसेच होते. रोगाचे मूळ कारण ग्लिसनला कळले नव्हते. परंतु बाक हा वाढीच्या असमतोलातून येतो, ही त्याची कल्पना दोनशे वर्षांनी वेगळ्या रूपात खरी ठरली. एकोणिसाव्या शतकात ह्यूटर आणि फोल्कमान या जर्मन शल्यवैद्यांनी असे प्रतिपादन केले, की हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या कूर्चेवर दाब फार पडला तर तेथील वाढ मंदावते आणि दाब कमी झाला तर ती वेग घेते.

इ. स. १७४१ मध्ये पॅरिसच्या निकोलस आंद्री या वैद्याने वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. 'सरळ' आणि 'बालक' अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने 'ऑर्थोपेडी' हे नाव घडवले. आज अस्थिरोगांच्या साऱ्या शाखेला जगभर हेच नाव आहे. रुग्णालयाच्या ज्या विभागात आज बहुधा प्रौढांची मोडलेली हाडे सांधली जातात, त्याच्या नावातच एक बालक दडलेले आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. या ग्रंथातील एक चित्र प्रसिद्ध पावले. एक वाकडे रोपटे शेजारच्या सरळ खुंटाला दोरीने आवळून बांधलेले आहे. आंद्रीचा उपदेशही तसाच होता. पायाच्या खोलगट बाजूस लोखंडाची लहान पट्टी लावावी, ती कापडी पट्ट्यांनी बांधावी आणि दिवसेंदिवस आवळीत जावे. वाकडे रोपटे ज्या रीतीने सरळ करतात त्याच रीतीने मुलाचा पाय सरळ करावा. हे चित्र अस्थिवैद्यांच्या अनेक संस्थांचे बोधचिन्ह होऊन बसले.

ही उपमा मनात ठसणारी होती, आणि त्यातच तिचा धोका होता. बांधलेले मूल काही महिन्यांनी सरळ पायांनी चालू लागले, की श्रेय पट्टीला मिळे. न बांधताही ते तसेच चालू लागले असते काय, हे पाहण्यासाठी कोणीही दहा मुले बांधल्यावाचून सोडून ती मोजली नव्हती. अठराव्या शतकात बंधनाविरुद्ध आवाज उठलाच नाही असे नाही. इ. स. १७४८ मध्ये विल्यम कॅडोगन या इंग्रज वैद्याने लंडनच्या अनाथ बालकांच्या रुग्णालयासाठी लिहिलेल्या निबंधात बाळांना पट्ट्यांत गुंडाळण्याच्या रूढीवर टीका केली. इ. स. १७६२ मध्ये रूसोने आपल्या 'एमिल' या ग्रंथात तोच धागा अधिक ओजस्वी वाणीने पुढे नेला. निसर्गाने मोकळे दिलेले अवयव मोकळेच राहू द्यावेत, हे त्यांचे म्हणणे पुष्कळ अंशी बरोबर होते. परंतु ते श्रद्धेचे म्हणणे होते. त्याला मोजमापाचे पाठबळ मिळालेले नव्हते.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील कारखानदारी वाढली आणि मुडदूस हा शहरांचा रोग बनला. अरुंद गल्ल्या, कोंदट खोल्या आणि धुराने काळवंडलेले आकाश यांत जन्मलेल्या मुलांचे पाय हजारोंनी वाकू लागले. या रोगात नेमके काय घडते ते आज स्पष्ट आहे. हाडाच्या टोकाशी नवी कूर्चा तयार होत असते, आणि तीत कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार बसून तिचे कठीण हाड बनते. 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावी आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. मग कूर्चा वाढत राहते, पण पक्की होत नाही. रुंद आणि मऊ अशा त्या थरावर चालत्या मुलाचा भार पडला की पाय बाहेर किंवा आत झुकतो. हे कारण हाती येण्यापूर्वीच उपाय मात्र दोन दिशांनी चालत आले होते.

पहिला उपाय समुद्रकाठच्या लोकांचा. उत्तर युरोपातील कोळी कॉड माशाच्या यकृताचे तेल पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले होते. एकोणिसाव्या शतकात काही वैद्यांनी मुडदुसावर त्याचा गुण नोंदला, आणि पॅरिसच्या त्रूसो या नामवंत वैद्याने त्याचा जोरदार पुरस्कार केला. दुसरा उपाय सूर्याचा. इ. स. १८२२ मध्ये पोलंडच्या येंजेय श्न्यादेत्स्की या वैद्याने वॉर्सा शहरातील आणि खेड्यातील मुलांची तुलना करून सांगितले, की मुलांना उघड्या हवेत, प्रत्यक्ष उन्हात नेणे हाच रोग टाळण्याचा आणि बरा करण्याचा मार्ग होय. त्याच्या म्हणण्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. इ. स. १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये या रोगाच्या प्रसाराची पाहणी झाली आणि तो औद्योगिक शहरांभोवती एकवटलेला आढळला. पुढच्याच वर्षी थिओबाल्ड पाम या वैद्याने आपला निबंध प्रसिद्ध केला. मिशनरी म्हणून त्याने जपानात काम केले होते आणि तेथे त्याला हा रोग दिसला नव्हता. निरनिराळ्या देशांतील मिशनरी वैद्यांकडून पत्रांद्वारे माहिती मिळवून त्याने निष्कर्ष काढला, की मुडदूस ही सूर्यप्रकाशाच्या अभावाची व्याधी आहे. ज्या देशांत अन्न निकृष्ट पण ऊन मुबलक, तेथील मुलांचे पाय निकोप होते.

दरम्यान ज्यांचे पाय कायमचे वाकले होते त्यांच्यासाठी शल्यचिकित्सा पुढे आली. ग्लासगो शहर या रोगाने फार गांजले होते. लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीचा धडा गिरवलेल्या विल्यम मॅकिवेन या तेथील शल्यवैद्याने खास छिन्नीने हाड छेदून ते सरळ बसवण्याची रीत पूर्णत्वाला नेली आणि इ. स. १८८० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ज्या मुलींना व मुलांना चालणे कठीण झाले होते, त्यांना त्या छिन्नीने नवे जीवन दिले. ज्या काळात जखम पिकून रोगी दगावणे नेहमीचे होते, त्या काळात हे यश लहान नव्हते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेल आणि ऊन हे दोन्ही धागे एका ठिकाणी आले. एडवर्ड मेलन्बी याने लंडनमध्ये कुत्र्याच्या पिल्लांना विशिष्ट आहार देऊन मुडदूस निर्माण केला आणि कॉडच्या तेलाने तो बरा करून दाखवला. त्याच सुमारास, इ. स. १९१९ मध्ये, बर्लिनच्या हुल्डशिन्स्की याने पाऱ्याच्या दिव्यातील जंबुपार किरणांनी आजारी मुले बरी केली. किरण एका हातावर पाडले तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारतात, हे क्ष-किरण चित्रांत दिसून आले. म्हणजे त्वचेत काहीतरी द्रव्य तयार होऊन ते रक्तावाटे सर्वत्र पोहोचत होते. महायुद्धानंतरच्या उपासमारीने ग्रासलेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह बालरुग्णालयात काळजीपूर्वक निरीक्षणे करून तेल आणि प्रकाश या दोहोंचाही प्रभाव निःसंशय सिद्ध केला. इ. स. १९२२ मध्ये अमेरिकेतील मॅक्कॉलम याने तेलातील हे द्रव्य 'अ' जीवनसत्त्वाहून निराळे असल्याचे दाखवले, आणि त्याला 'ड' हे अक्षर मिळाले.

या शोधाच्या साखळीत हिंदुस्थानचाही एक दुवा आहे. त्याच १९२२ साली हचिसन आणि शाह यांनी मुंबई इलाख्यातील आपली पाहणी प्रसिद्ध केली. पडद्यात राहणाऱ्या सुखवस्तू घरांतील स्त्रिया आणि मुले यांच्यात, अन्न चांगले असूनही, हाडे मऊ होण्याचा विकार आढळत होता. उलट उन्हात शेतावर राबणाऱ्या गरीब स्त्रियांचा आहार कितीतरी हलका असूनही त्या व त्यांची मुले यापासून बहुतांशी मुक्त होती. पामने पत्रांवरून बांधलेला तर्क येथे प्रत्यक्ष घरे पाहून पडताळला गेला. पुढे इ. स. १९३० च्या सुमारास डॅग्मार विल्सन या वैद्य स्त्रीने उत्तर हिंदुस्थानात केलेल्या अभ्यासाने चित्र आणखी पुरे केले. कांगडा खोऱ्यात ऊन भरपूर होते, तरी तेथील स्त्रियांत हा विकार होता, कारण आहारात पोषक अंश फार कमी होता. ऊन आणि अन्न या दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात, हा त्याचा बोध.

अशा रीतीने रोगाचे कोडे सुटले. युरोप-अमेरिकेत दुधात किंवा लोण्यासारख्या पदार्थांत 'ड' जीवनसत्त्व मिसळण्याची प्रथा पडली आणि मुडदुसाने वाकलेले पाय रस्त्यांतून दिसेनासे झाले. आणि तेव्हाच एक नवीच अडचण स्पष्ट झाली. मुडदूस उतरणीला लागल्यावरही दवाखान्यांत वाकड्या पायांची मुले येतच राहिली. ती धडधाकट होती. त्यांची मनगटे जाड नव्हती, क्ष-किरण चित्रांत हाडे निर्दोष होती. तरीही पाय धनुष्यासारखे होते, आणि त्याहून थोड्या मोठ्या मुलांचे गुडघे एकमेकांवर घासत होते. जुन्या सवयीप्रमाणे अशा कित्येक मुलांना रात्री पोलादी पट्ट्या आणि दिवसा खास बूट चढवले जात. आता मात्र प्रश्न टाळता येण्याजोगा राहिला नाही. ही मुले आजारी नसतील, तर निरोगी पाय दिसतो तरी कसा?

उत्तर मोजणीत होते. इ. स. १९५७ मध्ये मॉर्ली या ब्रिटिश वैद्याने सर्वसाधारण मुलांची पाहणी करून दाखवले, की गुडघे आत वळलेले असणे तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांत अगदी सामान्य असते आणि सात वर्षांनंतर ते क्वचितच उरते. इ. स. १९७५ मध्ये फिनलंडच्या सालेनिउस आणि वांक्का यांनी हजाराहून अधिक मुलांच्या मांडीचे हाड आणि नडगी यांमधील कोन मोजून जन्मापासून किशोरवयापर्यंतची एक वक्ररेषा आखली. जन्मतः पाय सुमारे १५ अंश बाहेर वाकलेले असतात. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास ते सरळ होतात. परंतु तेथे थांबत नाहीत. ते दुसऱ्या दिशेला झुकतात, आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गुडघे सुमारे १२ अंश आत वळलेले असतात. नंतर हा आतला बाक हळूहळू कमी होत सहा-सात वर्षांच्या वयात पाच-सहा अंशांवर येऊन स्थिरावतो. पुढे भारतासह अन्य देशांत झालेल्या मोजण्यांत टप्प्यांची वये आणि अंश थोडे पुढेमागे आढळले, तरी प्रौढ माणसाचा 'सरळ' पाय रेघेसारखा सरळ नसतो हे सर्वत्र दिसले. त्यात आतल्या बाजूस थोडासा कल असतोच, आणि तोच त्याचा स्वाभाविक आकार आहे.

जन्माच्या वेळच्या बाकाचे कारणही सोपे आहे. गर्भाशयात जागा थोडी. मूल मांड्या पोटाशी घेऊन, पाय एकमेकांत अडकवून, पावले आत दुमडून बसते. त्यामुळे जन्मतः नडगीला आतल्या बाजूस थोडा पीळ असतो आणि खुब्यांचा कल बाहेर. असे मूल उभे राहिले की बाक आहे त्याहून अधिक भासतो. चालू लागल्यावर स्नायूंची ओढ आणि शरीराचा भार यांच्या प्रभावाखाली वाढीची कूर्चा आपला आकार आपणच दुरुस्त करीत जाते. जाड लंगोट किंवा कडेवर बसवणे यांनी हा बाक येत नाही, आणि मालिशीने तो जातही नाही. तेल चोळल्याने बाळाला सुख मिळते, झोप लागते, आईचा किंवा आजीचा स्पर्श लाभतो. त्याचे मोल तेवढेच, आणि ते कमी नाही. मात्र पाय सरळ व्हावेत म्हणून ते जोराने ओढणे किंवा सरळ ताणून बाळंत्यात घट्ट आवळणे हे निरुपयोगी तर आहेच, शिवाय घातक ठरू शकते. असे केल्याने खुब्याचा कोवळा सांधा निखळण्याचा धोका वाढतो. जपानात १९७० च्या दशकात बाळांचे पाय ताणून गुंडाळू नयेत अशी देशव्यापी मोहीम झाली आणि त्यानंतर खुबा निखळलेल्या बालकांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. ज्या कडेवर बसवण्याला आपल्याकडे दोष दिला जातो, त्यात मुलाच्या मांड्या फाकलेल्या राहतात, आणि खुब्याच्या दृष्टीने ती स्थिती हितकारकच असते.

याचा अर्थ असा नव्हे की प्रत्येक वाकडा पाय आपोआप सुधारतो. निरोगी वाढीची रेषा हाती आल्याचा खरा लाभ हाच, की तिच्यापासून ढळलेले मूल आता वेळीच ओळखता येते. इ. स. १९३७ मध्ये अमेरिकेतील मिल्वॉकी शहराच्या वॉल्टर ब्लाउंट या शल्यवैद्याने एका विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यात नडगीच्या वरच्या टोकाची आतली कूर्चा दाबाखाली वाढेनाशी होते आणि बाहेरची वाढत राहते. ग्लिसनची पाचर येथे जणू प्रत्यक्ष दिसते. लवकर चालू लागलेल्या आणि वजनदार मुलांत हा विकार अधिक आढळतो, आणि पहिल्या दोन वर्षांत तो स्वाभाविक बाकासारखाच दिसतो. फरक पुढे कळतो. स्वाभाविक बाक वयाबरोबर उतरतो, हा चढत जातो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उपचार केल्यास पाय वाचतो. उशीर झाल्यास शस्त्रक्रिया कठीण होत जाते.

भारतात तर आणखी एक कारण जमिनीखालून आले. तेलंगणातील नळगोंडा भागात मुलांचे गुडघे आत वळल्याचे मोठ्या प्रमाणावर आढळले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी इ. स. १९७३ मध्ये त्याचा संबंध विहिरींच्या पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडशी जोडून दाखवला. येथे ना पट्टी कामाची, ना तेल. येथे उपाय एकच, तो म्हणजे शुद्ध पाणी.

मुडदूसही इतिहासजमा झालेला नाही. इ. स. १९६२ मध्ये ग्लासगोमध्येच, जेथे मॅकिवेनने छिन्नी चालवली होती, स्थलांतरित पाकिस्तानी कुटुंबांतील मुलांत हा रोग पुन्हा आढळला. आणि इ. स. २००२ मध्ये दिल्लीत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की दाट धुरकट हवेच्या मोरी गेट भागातील लहान मुलांच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व गुडगावच्या तुलनेने स्वच्छ हवेतील मुलांपेक्षा कमी होते. श्न्यादेत्स्की आणि पाम यांनी धुराच्या शहरांविषयी जे सांगितले होते, ते सूर्याच्या देशातही खरे ठरले. आईच्याच शरीरात या जीवनसत्त्वाची उणीव असली, तर केवळ तिच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाला ते पुरेसे मिळत नाही. म्हणूनच भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना जन्मापासून पहिले वर्षभर बाळाला रोज ४०० युनिट 'ड' जीवनसत्त्व द्यावे, अशी शिफारस करते.

इतक्या शतकांच्या या खटाटोपातून घरातील माणसांच्या हाती जे आले आहे, ते थोडक्यात सांगता येते. दोन वर्षांच्या आतील मुलाचे दोन्ही पाय सारखेच वाकलेले असतील, मूल खेळते-बागडते असेल, त्याची उंची वयाप्रमाणे वाढत असेल, तर काळजीचे कारण सहसा नसते. तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे आत वळले, तर तेही वाढीचेच पाऊल असते. परंतु एकच पाय वाकडा असेल, दोन वर्षांनंतर बाक उतरण्याऐवजी वाढत असेल, मूल लंगडत किंवा दुखते म्हणून रडत असेल, मनगटे जाड झाली असतील, उंची खुंटली असेल, किंवा सात वर्षांनंतरही पाय रेषेवर आले नसतील, तर वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. घोटे जुळवून मुलाला उभे करावे, गुडघ्यांमधील अंतर बोटांनी मोजावे, तारीख लिहून ठेवावी आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजावे. एका दिवसाच्या दर्शनाने जे कळत नाही, ते दोन मापांमधील फरकाने कळते.

आंद्रीचे ते खुंटाला बांधलेले रोपटे आजही अस्थिवैद्यांच्या बोधचिन्हांत उभे आहे. पुष्कळशा रोपट्यांना दोरीची गरज नसते. ऊन, पाणी आणि कसदार माती मिळाली की ती आपल्या गतीने सरळ होतात. ज्या थोड्यांना गरज असते, त्यांना मात्र ती वेळेवर मिळावी लागते. कोणते रोपटे कोणत्या प्रकारचे, हे ओळखता येऊ लागले, ते निरोगी मुलांचे पाय मोजण्याचे साधे काम कोणीतरी चिकाटीने केले तेव्हा. अंगणात झुलत झुलत चालणाऱ्या मुलाकडे पाहून आज एखाद्या आजीने "फेंगडे पाय" म्हटले, तर आईने मनाला लावून घेण्याचे कारण उरलेले नाही. तिने मुलाला उन्हात खेळू द्यावे आणि पुढच्या वाढदिवसाला पुन्हा एकदा त्याचे घोटे जुळवून पाहावे.